पहिलं फिडे रेटिंग: कारो-कान, काकू आणि कागदावरचे दोन अठराशे

१ फेब्रुवारीच्या फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, रेटिंग यादीत माझ्या नावापुढे १५९२ हा आकडा आला. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा. बुद्धिबळाच्या जगात या आकड्याला कुणी वळूनही बघत नाही. पण चाळिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून, पहिल्यांदाच रेटेड स्पर्धा खेळायची असेल तर काय काय करावं लागतं, हे मला मराठीत सलग कुठे वाचायला मिळालं नव्हतं. मिळालं ते सगळं लहान मुलांच्या पालकांसाठी. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

मी साताऱ्यात असते, हिशेब खात्यात नोकरी. पट घरात कायम होता. आई खाडिलकर भगिनींची कात्रणं जपून ठेवायची. रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या तेव्हाचं कात्रण अजून कपाटात आहे. मी मात्र शाळेनंतर खेळणं सोडलं ते थेट मोबाईलवरच पुन्हा सुरू केलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्या आठवड्यात ऑफिसात सगळे अचानक बुद्धिबळावर बोलायला लागले आणि कुणीतरी विचारलं, "तुमचं रेटिंग किती?" ऑनलाइनचा आकडा सांगितला तर म्हणे, तो नाही, खरा.

खरा म्हणजे फिडेचा. त्यासाठी आधी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची वार्षिक खेळाडू नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्ता, जिल्हा, राज्य, आणि शुल्क. फिडेचा ओळख क्रमांक आपल्याला थेट मिळत नाही, तो राष्ट्रीय महासंघामार्फतच मिळतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी इथे थोडं थांबावं. जन्मदाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल, तर कुठलं नाव कायम ठेवायचं ते आधीच ठरवा, कारण पुढे प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक यादीत तेच छापून येणार. मी आधारवरचं दिलं. स्पर्धेच्या पत्रकात राज्य किंवा जिल्हा संघटनेच्या नोंदणीचा वेगळा उल्लेख असेल तर तीही आधी करून टाका. मी ऑक्टोबरात हे सुरू केलं, आणि डिसेंबरच्या स्पर्धेसाठी ते अगदी योग्य वेळी झालं.

स्पर्धा निवडताना रजा हाच मुख्य मुद्दा होता. नाताळात गुरुवार, २५ डिसेंबरची सुट्टी, शुक्रवारची एक रजा आणि शनिवार-रविवार, असे चार दिवस जुळत होते. पुण्यात एका मंगल कार्यालयात आठ फेऱ्यांची स्पर्धा होती, रोज दोन डाव, वेळ प्रत्येकी दीड तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद जादा. प्रवेश फी सोळाशे. ठरावीक तारखेनंतर भरली तर विलंब शुल्क. पत्रक शेवटपर्यंत वाचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खेळाडूंनी बुद्धिबळाचं डिजिटल घड्याळ स्वतः आणावं. मी ते आमच्या सरांकडून मागून घेतलं. विकत घ्यायची घाई करू नका, एखादी स्पर्धा खेळून बघा आणि मग ठरवा.

सर म्हणजे साताऱ्यातच शिकवणारे एक निवृत्त शिक्षक. महिना बाराशे, आठवड्यातून दोनदा. मी पहिल्याच दिवशी डावाच्या सुरुवातींची (ओपनिंगची) यादी घेऊन गेले होते: सिसिलियन, किंग्ज इंडियन, वगैरे. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मॅडम, रोज किती वेळ मिळेल?" म्हटलं, स्वयंपाक आवरल्यावर पाऊण तास. "मग काळ्याकडून ई४ ला कारो-कान. दुसरं काही उघडूसुद्धा नका."

कारो-कान म्हणजे पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याचं सी६ (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी एक ते आठ; ई४ म्हणजे त्या घरावर प्यादं). पांढरा डी४ करतो, काळा डी५. डी५ ला आधार म्हणून सी६ चं प्यादं. फ्रेंच बचावातही डी५ येतं, पण तिथे ई६ आधीच झाल्यानं पांढऱ्या घरांचा उंट आत अडकून बसतो. कारो-कानमध्ये उंट आधी बाहेर काढायचा आणि मग ई६ करून दार लावायचं. सरांनी मला चाली पाठ करू दिल्या नाहीत. प्याद्यांचा सांगाडा कागदावर काढायला लावायचे आणि विचारायचे, तुमचा घोडा कुठे जाणार, समोरच्याचा कुठला उंट निकामी होणार, प्यादं कुठून फोडणार. उत्तर शब्दांत द्यायचं. चाली विसरल्या तरी चालेल, उत्तर विसरायचं नाही.

इतिहास मी माझ्या हौसेनं वाचला. होरॅशिओ कारो आणि व्हिएन्नाचा मार्कुस कान, या दोघांनी १८८६ साली या सुरुवातीचं विश्लेषण छापलं, म्हणून हे जोडनाव. त्याआधी १८८५ मध्ये हॅम्बुर्गला कानने याच सुरुवातीनं मीझेससारख्या जर्मन खेळाडूला चोवीस चालींत हरवलं होतं. पुढे बोट्विनिकनं १९५८ च्या परतीच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात स्मिस्लॉवविरुद्ध ती वापरली. सोशिक लोकांची सुरुवात म्हणून हिची ख्याती आहे. मला ते सोयीचं वाटलं. लहान मुलांची स्मरणशक्ती आणि गणनेचा वेग यांच्याशी माझी बरोबरी होणार नव्हती. पंधराव्या चालीपर्यंत पटावर वणवा पेटला नाही, तर पुढे मला काही सुचण्याची शक्यता होती.

चालींइतकाच सराव प्रत्यक्ष पटावर बसण्याचा करा, हे ऑनलाइन खेळणाऱ्यांना कळकळीनं सांगते. सोंगटीला हात लावला की तीच हलवायची. सोंगटी नुसती नीट करायची असेल तर आधी "अॅडजस्ट" म्हणायचं, तेही स्वतःच्या वेळेत. किल्लेकोट (कॅसलिंग) करताना आधी राजा हलवायचा, आणि एकाच हातानं. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. चाल लिहायची ती खेळल्यावर. आधी लिहून मग खेळणं नियमात बसत नाही. आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद मिळत असल्यानं घड्याळात कितीही कमी वेळ उरला तरी शेवटपर्यंत लिहावंच लागतं. पहिली नियमबाह्य चाल झाली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात, दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. सरांनी मला कागद-पेन देऊन घड्याळ लावून बसवलं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी खेळापेक्षा लिहिण्यानंच दमले.

२४ तारखेला संध्याकाळी एसटीनं पुण्यात गेले (महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा खर्च किरकोळ). कार्यालयापासून चालत जाता येईल असं लॉज, रात्रीचे नऊशे. एकट्यानं येणाऱ्यांनी मोबाईलचा विचार आधी करून ठेवा. मुलांचे फोन आईवडिलांकडे असतात. आपला कुणाकडे? खेळाच्या जागेत फोन सापडला तर सरळ डाव गमावतो. काही ठिकाणी बंद करून बॅगेत, ठरवून दिलेल्या जागी ठेवायची मुभा देतात, पण ती आयोजकांवर अवलंबून. मी चारही दिवस फोन लॉजवर ठेवला आणि हातात साधं काट्यांचं घड्याळ घातलं. तेही पंचांना दाखवून घेतलं.

पहिल्या दिवशी सकाळी भिंतीवर जोड्या लागल्या. स्विस पद्धतीत खेळाडू रेटिंगच्या क्रमानं लावतात, यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. बिनरेटिंगवाले यादीच्या तळाशी. माझ्या नावापुढे शून्य होतं आणि समोर १७१२ चा कॉलेजातला मुलगा. मोठ्या हॉलमध्ये लग्नाच्या पंगतीची टेबलं, त्यांवर पांढरे कागद, आणि आजूबाजूला बहुतेक सगळी पोरं. माझ्या रांगेत मिशीवाले दोन काका आणि मी, बाकी दहा-बारा वर्षांची मंडळी. एका मुलीनं मला पालक समजून अदबीनं सांगितलं, "काकू, राउंड सुरू झाल्यावर पालकांनी बाहेर थांबायचंय." मी म्हटलं, मी खेळायला आलेय. ती इतकी लाजली की दुसऱ्या दिवशीपासून रोज मला गुड मॉर्निंग करायला यायची.

तो डाव हरले. नीट हरले, तीन तास बसून. पण शेजारच्या पटावर जे झालं ते सांगायलाच हवं, कारण तेही कारो-कानच होतं. ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, प्याद्यानं प्यादं घेतलं, घोड्यानं ते परत घेतलं, काळ्याचा घोडा डी७. पांढऱ्यानं वजीर ई२ वर आणला. काळ्याकडून खेळणाऱ्या मुलानं क्षणाचाही विचार न करता दुसरा घोडा एफ६ वर काढला, आणि पांढऱ्याचा घोडा डी६ वर बसला. मात. ई७ चं प्यादं तो घोडा घेऊ शकत नाही, कारण ते हललं की वजिराचा शह राजावर. सहाव्या चालीला डाव खलास. माझं स्कोअरशीटवर नाव लिहून जेमतेम झालं होतं. १९३५ साली जगज्जेत्या अलेखिननं मायोर्का बेटावर एकत्र सल्लामसलत करून खेळणाऱ्या चौघा हौशी खेळाडूंना असंच मारलं होतं. त्यामुळे तो मुलगा काही जगावेगळा नव्हता. त्याला मात्र हे त्या वेळी कोण सांगणार. तो पटाकडे बघत बसून राहिला. कारो-कान शिकत असाल तर वजीर ई२ वर दिसताच हात टेबलाखाली ठेवा.

दुसऱ्या फेरीत मला बाय मिळाला. खेळाडूंची संख्या विषम असली की तळाच्या एकाला न खेळता एक गुण देतात. गुण तक्त्यात दिसतो, पण रेटिंगला उपयोग शून्य. प्रतिस्पर्धी आलाच नाही तर मिळणारा गुणही तसाच. बिनरेटिंगवाल्याशी खेळलेला डावही मोजत नाहीत. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्यांशी किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि पहिल्या स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध निदान अर्धा गुण यावा लागतो. पूर्ण भोपळा असेल तर ती स्पर्धा धरतच नाहीत. पाच डाव एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, सव्वीस महिन्यांत जमले तरी चालतात. हे माहीत असल्यामुळे मी तक्त्यातल्या क्रमांकाकडे बघणं सोडून दिलं आणि रोज रात्री फक्त एवढंच बघत होते, उद्याच्याला रेटिंग आहे का.

पाचव्या फेरीत चौथीतला एक मुलगा, रेटिंग १६४७. खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला लागत नव्हते, म्हणून तो गुडघे दुमडून बसला. स्कोअरशीटवर अक्षर माझ्यापेक्षा सुबक. चाल केली की उठून दुसऱ्यांचे पट बघायला पळायचा आणि मी घड्याळ दाबलं की कुठूनतरी बरोबर हजर व्हायचा.

ई४ सी६, डी४ डी५. तिसऱ्या चालीला त्यानं प्यादं ई५ ला सरकवलं, मी उंट एफ५ वर काढला. आणि त्यानं खटकन एच४. हा एच४ मिखाइल तालनं १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात बोट्विनिकविरुद्ध खेळला होता. दिसायला निरुद्योगी वाटतो. पण सवयीनं ई६ केलंत, तर जी४ येतं. उंट ई४ वर गेला तर एफ३, मग जी६ वर गेला तर एच५, आणि एका प्याद्याच्या मोबदल्यात अख्खा उंट जातो. सरांनी हे माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं होतं की मी एच५ केलं तेव्हा पोटात काही हललं नाही. मुलानं पहिल्यांदाच वर बघितलं.

पुढे त्यानं उंट डी३ वर आणला, मी उंटानं उंट घेतला, त्यानं वजिरानं परत घेतला. ई६, घोडा एफ३. इथे मी वजीर ए५ वर नेऊन शह दिला. त्यानं उंट डी२ मध्ये घातला, आणि वजीर ए६ वर. आता दोन्ही वजीर समोरासमोर. त्याला हवं असतं तर सी४ करून टाळता आलं असतं; त्यानं मारामारी पत्करली, मी घोड्यानं वजीर परत घेतला. पटावरून वजीर गेल्याबरोबर मला हॉलमधल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्याची डी४ आणि ई५ ची प्यादी काळ्या घरांत, आणि उरलेला उंटही काळ्या घरांचाच, म्हणजे स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकलेला. माझा घोडा ई७ वरून एफ५ वर. तिथून त्याला हुसकायला जी४ करावं तर माझं एच५ चं प्यादं टपलेलं. मग उंट ई७ वर, आणि घोडा व उंट दोघांचा मारा एच४ वर. जे प्यादं त्यानं चौथ्या चालीला ऐटीत पुढे टाकलं, तेच सांभाळत बसायची वेळ. सरांनी कागदावर काढून घेतलेलं चित्र समोर जसंच्या तसं होतं; चाली कुठल्या क्रमानं करायच्या एवढंच ठरवायचं राहिलं.

ते प्यादं पडलं. पण त्यानं तेवढ्यात सी स्तंभातून हत्ती आत घुसवला, माझी वजिराच्या बाजूची प्यादी एकेक करत गेली, आणि शेवटी माझ्याकडे हत्ती आणि एफचं प्यादं, त्याच्याकडे नुसता हत्ती. त्यानं राजा प्याद्यासमोर ठेवला, हत्ती स्वतःच्या तिसऱ्या ओळीवर आणला आणि तिथेच डावीकडे-उजवीकडे करत बसला. माझा राजा पुढे येऊ देईना. मी वाट बघून प्यादं तिसऱ्या ओळीवर ढकललं, तसा त्याचा हत्ती सरळ माझ्या टोकाला, आठव्या ओळीवर, आणि तिथून शहामागून शह. माझ्या राजाला लपायला जागाच नाही. चाल करून, घड्याळ दाबण्याआधी तो म्हणाला, "ड्रॉ?" मी हात पुढे केला. दोघांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या.

बाहेर आल्यावर त्यानं मला समजावलं. "काकू, ह्याला फिलिडोर म्हणतात. हत्ती तिसऱ्या लाइनवर असला की तुम्ही जिंकत नाही. तुम्ही घोडा ठेवायला हवा होता, हत्ती बदलायला हवे होते." फिलिडोर अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, एवढं मला माहीत होतं, त्याची पद्धत समोरच्या बाजूनं पहिल्यांदाच पाहिली. मुलाच्या आईनं डब्यातली तिळाची पोळी दिली. त्या सोलापूरहून आल्या होत्या, अख्खी सुट्टी अशा स्पर्धांतच जाते म्हणाल्या. या बाहेर बसलेल्या आयांकडून लॉज, मेस, पुढच्या स्पर्धांच्या तारखा, सगळी माहिती मिळते. बोला त्यांच्याशी.

उरलेल्या फेऱ्यांचं फार सांगण्यासारखं नाही. रेटिंगवाल्यांशी दोन जिंकले, दोन हरले, आणि एक फेरी रेटिंगला धरली गेली नाही. दुपारच्या फेरीआधी पोटभर जेवू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. दुपारी तीनला भात खाऊन चार तास पटावर बसणं आपल्या वयात जमत नाही. मी केळी आणि शेंगदाण्याचा लाडू यांवर निभावलं.

रविवार, २८ डिसेंबरला स्पर्धा संपली. फिडेची यादी दर महिन्याच्या एक तारखेला येते. महिनाअखेरीस संपलेली स्पर्धा लगेचच्या यादीत येईलच असं नाही, हे पंचांनी आधीच सांगितलं होतं, तरी एक जानेवारीला सकाळी सहाला उठून पाहिलंच. नव्हतं. मग महिनाभर मी हिशेब करत बसले, खात्याचा गुण.

हिशेब असा. मला रेटिंग असलेले सहा जण भेटले: १७१२, १६०४, १५३८, १४६९, १६४७, १५१०. त्यांच्याविरुद्ध माझे अडीच गुण. मार्च २०२४ पासून फिडेनं नियम बदललाय. नव्या खेळाडूच्या प्रतिस्पर्ध्यांत दोन काल्पनिक खेळाडू धरतात, प्रत्येकी १८०० रेटिंगचे, आणि दोघांशी बरोबरी झाली असं मानतात. म्हणजे सहाचे झाले आठ, बेरीज १३०८०, सरासरी १६३५. गुण अडीच अधिक एक, आठपैकी साडेतीन, म्हणजे सुमारे ४४ टक्के. फिडेच्या तक्त्यात ४४ टक्क्यांना वजा ४३. १६३५ मधून ४३ गेले, १५९२. कागदावरच्या त्या दोन अठराशेवाल्यांचे माझ्यावर उपकार आहेत, ते धरले नसते तर आकडा बराच खाली असता. त्याच वेळी किमान रेटिंगही १४०० केलंय. त्याखालचं रेटिंग यादीत येत नाही. त्यामुळे पूर्वीच्या हजार-बाराशेच्या गोष्टी ऐकून घाबरू नका किंवा तुलनाही करू नका.

खर्च विचाराल तर फी सोळाशे, लॉजचे चार रात्रींचे छत्तीसशे, खाणंपिणं बाराशेच्या आसपास, रिक्षा-एसटी मिळून सातेक हजार झाले. महासंघाची नोंदणी आणि सरांची फी वेगळी. पुण्यातच राहणाऱ्यांचं निम्म्याहून कमीत होईल.

नव्या खेळाडूचा गुणक ४० असतो, तीस डाव होईपर्यंत. म्हणजे माझ्याइतक्याच रेटिंगच्या कुणाकडून हरले तर एका डावात वीस गुण जातात, जिंकले तर वीस येतात. पहिल्या स्पर्धेत घालवायला काही नव्हतं, आता आहे. मे महिन्यातल्या एका स्पर्धेची फी सवलतीच्या मुदतीत भरून ठेवलीय, आणि सध्या स्वयंपाक आवरल्यावरचा पाऊण तास हत्तींच्या शेवटांना जातोय. कारो-कान तशीच ठेवणार आहे. सर म्हणतात, एच४ ला एच५ सोडून दुसरंही काही असतं, पण ते दिवाळीनंतर बघू.